साम्राज्याची खतावणी

होर्मुझच्या सामुद्रधुनीत खुट्ट झाले की गोव्यात आधी फोन वाजू लागतात. कोणाचा मुलगा जहाजावर तारवटी, कोणाचा भाऊ कुवेतला, कोणाची वहिनी दुबईच्या इस्पितळात नर्स. १९९०च्या ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनचे सैन्य कुवेतमध्ये घुसले, तेव्हा आमच्या शेजारच्या घरातला रेडिओ कित्येक दिवस बंद झाला नव्हता. पुढे विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय माणसे परत आणली. त्यांत शेजारचा पोरगाही होता, आठ वर्षांची कमाई तिकडेच टाकून एका पिशवीनिशी उतरलेला. त्याला जो तो एकच सांगायचा, "अरे, हे सगळे तेलासाठी." तो मान हलवायचा. काय बोलणार? तेलातला थेंबही त्याच्या वाट्याला आलेला नव्हता.

डिचोलीच्या बाजारात भाजीपावाच्या गाड्यावर आजही युद्धाचा विषय निघाला की हेच वाक्य येते. इराक असो, युक्रेन असो, "सगळे तेलासाठी", "सगळे पैशासाठी". मीही ते पुष्कळ वर्षे वापरले. म्हणणाऱ्याला शहाणे झाल्यासारखे वाटते आणि पुढे डोके चालवावे लागत नाही. पण गोव्यात राहून मला ते आता पुरेसे वाटत नाही. एका साम्राज्याचे पोट आम्ही आतून पाहिले आहे. ४५१ वर्षे, असे म्हणायची पद्धत आहे. खरे तर ती पणजीकडच्या तिसवाडी तालुक्याची गणती. माझ्या तालुक्यात पोर्तुगीज आले ते १७८०च्या दशकात, आणि शेजारच्या सत्तरीतल्या राण्यांनी त्यांना शेवटपर्यंत धड झोपू दिले नाही. ते असो.

आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१०मध्ये विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा घेतला, गमावला आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतला. त्याला इकडे वळवणाऱ्यांत तिमोजा नावाचा इथलाच एक दर्यावर्दी होता, म्हणजे साम्राज्याला दार उघडून देणारा स्थानिक हात पहिल्या दिवसापासून हजर आहे. दुसऱ्या वर्षी मलाक्का घेतले, १५१३मध्ये एडनला हात पोळले, १५१५मध्ये होर्मुझ ताब्यात आले. त्याच होर्मुझहून परतताना तो गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी जहाजावर वारला. नकाशा समोर ठेवून पाहा: ज्या चिंचोळ्या पाण्यासाठी आज आमचे तारवटी जीव मुठीत धरतात, तिथेच पाचशे वर्षांपूर्वी गोव्यातून गेलेल्या आरमाराने कुलूप घातले होते. तेव्हा तेल नव्हते, घोडे होते. अरबी घोडे होर्मुझहून गोव्यात उतरत आणि विजयनगरला, विजापूरला जात. घोडा ज्याच्या हाती, दख्खनचे युद्ध त्याच्या हाती.

या राज्याचे खरे हत्यार तोफ नव्हती, ते कागदाचे होते. त्याला कार्ताझ म्हणत. हिंदी महासागरात जहाज हाकायचे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा, त्यांच्या बंदराला लागायचे, जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. परवाना कशापासून वाचवतो? तो देणाऱ्यापासूनच. बाजारातल्या दादाचा हप्ता आणि कार्ताझ यांत फरक इतकाच, की कार्ताझवर राजाची मोहोर असे. अकबराच्या काळी हजला जाणाऱ्या मोगली जहाजांनाही तो घ्यावा लागे. १६१३मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ धरले आणि गोव्याला आणले. भडकलेल्या बादशहाने त्यांचा व्यापार बंद पाडला, दमणला वेढा दिला. एका जहाजाच्या लुटीपायी एवढे मोठे वैर अंगावर घेणे ही काही 'राष्ट्रहिता'ची चाल नव्हती. त्या मोसमात ज्याच्या हातात आरमार होते, त्याचे ते हित होते.

साम्राज्याचा हिशेब राष्ट्राच्या नावावर मांडतात, पण राष्ट्राला खिसा नसतो, खिसे माणसांना असतात. होर्मुझची किंवा अशाच दुसऱ्या किल्ल्याची कप्तानी पोर्तुगालचा राजा सरदारांना तीन वर्षांसाठी बक्षीस म्हणून देई. त्या तीन वर्षांत खासगी व्यापार करून पिढ्यांची बेगमी करायची, हे सगळ्यांनाच ठाऊक असे. राजाची मिरी एका बाजूला, कप्तानाची दुसऱ्या बाजूला, आणि तळाशी पोर्तुगालचा शेतकरी, ज्याचा मुलगा जहाजावर चढला तो बहुधा परत यायचा नाही. दादाभाई नौरोजींनी इंग्रजी राज्याची जी खतावणी मांडली, तिचे मर्मही हेच होते: इंग्रजांनी १८७८मध्ये अफगाणिस्तानात युद्ध काढले, त्याचा बहुतेक खर्च भारताच्या तिजोरीवर पडला. लंडनला ती सीमेच्या सुरक्षिततेची बाब होती, इथल्या रयतेला साऱ्याची.

त्याच १८७८ सालची दुसरी एक गोष्ट गोव्यातल्या शाळेत नीट शिकवली जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. त्या साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांनी तह केला. दोघे जुने मित्र, १३८६पासूनचे. मैत्री केवढी, तर नेपोलियनच्या काळात फ्रेंचांची भीती दाखवून इंग्रजी पलटणी गोव्यात येऊन बसल्या आणि १८१३पर्यंत हलल्या नाहीत. दोनापावलाचे इंग्रजी कबरस्तान ही त्या पाहुणचाराची खूण. १८७८च्या तहाने इंग्रजांनी गोव्याच्या मिठावर आणि दारूच्या अबकारीवर ताबा मिळवला. कारण साधे होते. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता आणि गोव्याचे स्वस्त मीठ घाट चढून गेले तर त्या कराला भोक पडले असते. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये आणि मुरगावहून घाटावर जाणारी रेल्वे. रेल्वे बांधली लंडनच्या कंपनीने, भांडवलावरच्या व्याजाची हमी घेतली पोर्तुगालने. भागधारक लंडनचे, हमी लिस्बनची, आणि हात रिकामे झाले ते मिठागरांवर आणि माडांवर पोट असलेल्या गोमंतकीयांचे. एक गोळी सुटली नाही. झेंडा पोर्तुगालचाच राहिला. १८९२मध्ये तह संपला, रूळ राहिले. परक्या मुलखातला माल बंदरावर आणायला घातलेल्या त्याच मार्गावर आता कोळशासाठी दुसरी लाइन टाकायची म्हणून २०२०मध्ये चांदरची माणसे मध्यरात्री रुळांवर येऊन बसली. त्यांच्यातल्या कितीजणांना १८७८चा तह आठवला असेल कोण जाणे. पण विचारत होती ती योग्यच: आमच्या दारातून जाते ते कोणासाठी जाते?

इथवर 'सगळे पैशासाठी' हे म्हणणे तग धरून राहते, फक्त 'कोणाच्या पैशासाठी' एवढी भर घालावी लागते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यापाशी येऊन मात्र त्याची गाडी अडते.

१९३०मध्ये पोर्तुगालने वसाहतींविषयीचा कायदा आणून गोवेकरांना दुय्यम ठरवले, आणि त्याच वर्षी लुईश द मिनेझिश ब्रागांझ यांनी पणजीच्या विधिमंडळात उभे राहून स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. १९३४मध्ये पोर्तु शहरातल्या प्रदर्शनात एक नकाशा झळकला. अंगोला आणि मोझांबिक उचलून युरोपवर पसरून ठेवलेले, आणि वर लिहिलेले: 'पोर्तुगाल हा लहान देश नाही.' मला या नकाशात सालाझारची सगळी परराष्ट्रनीती दिसते. युरोपातला एक गरीब देश, बोलायला बंदी, गुप्त पोलीस मागावर; अशा देशातल्या माणसाला अभिमानाने दाखवण्यासारखे दुसरे काय होते? त्या नकाशात गोवा दाखवायला टाचणीचे टोक पुरले असते. पण ती टाचणी काढली तर नकाशा सुटू लागेल, ही भीती होती. गोव्याबाबत बोलणी केली तर अंगोलाबाबत का नाही? आणि अंगोला गेले तर हे म्हातारबुवा खुर्चीवर कशाच्या जोरावर बसणार? गंमत अशी, की तो नकाशा करणारा एन्रिक गाल्व्हांव पुढे सालाझारवरच उलटला आणि जानेवारी १९६१मध्ये त्याने भर समुद्रात एक प्रवासी जहाजच पळवले.

म्हणून १९५१मध्ये 'वसाहत' हा शब्द घटनेतून पुसून 'सागरापारचे प्रांत' असा शब्द घातला गेला. संयुक्त राष्ट्रसंघात पोर्तुगाल सांगू लागला, आमच्याकडे वसाहतीच नाहीत, मग जबाब कशाचा? १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि भारताने नाकेबंदी केली, तर लिस्बनने पाण्यासारखा पैसा ओतून गोव्याचा बाजार भरलेला ठेवला. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट. माझी आजी ते बटाटे 'पाखल्यांचे', म्हणजे पोर्तुगीजांचे, म्हणून नाक मुरडत शिजवायची आणि गोड असतात असेही कबूल करायची. लोहखनिजाचा पैसा त्या दशकात येऊ लागला होता हे खरे, पण त्यासाठी सालाझार अडून बसला असे मला वाटत नाही. खनिजाचा करार वाटाघाटीतही मिळाला असता. त्याला हवा होता तो नकाशा. युद्धाचे कारण शोधताना आपण सीमेपलीकडे तेलविहिरी मोजत बसतो. पुष्कळदा ते कारण राजधानीतल्या एका खुर्चीखाली सापडते.

बाकीच्या जगाला या सगळ्यात गोवेकरांचे काय पडले होते? डिसेंबर १९५५मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर निवेदन काढून या मुलखांचा 'पोर्तुगीज प्रांत' असा उल्लेख केला. अमेरिकेला अझोर्स बेटांवरचा विमानतळ हवा होता. अटलांटिकमधली ती धावपट्टी आणि मांडवीकाठचे सहा लाख लोक एकाच तराजूत घातले गेले, आणि पारडे कुठे झुकले ते सांगायला नको. रशियाचे बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह त्याच सुमारास भारतभर फिरून गोवा तुमचाच म्हणत होते. पुढे १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव सात विरुद्ध चार मतांनी आला, तो रशियाच्या नकाराधिकाराने पडला. आपण त्या उपकाराचे गोडवे गातो. गावेतही. पण त्याच रशियाचे रणगाडे पाच वर्षांपूर्वी बुडापेस्टच्या रस्त्यांवर होते, आणि तेव्हा सुएझवरच्या इंग्रज-फ्रेंच हल्ल्याचा कडक निषेध करणारे आपले दिल्ली सरकार हंगेरीच्या बाबतीत आधी तटस्थ राहिले, नंतर एका ठरावाविरुद्ध मत देऊन बसले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण परराष्ट्र खात्यांसाठीच केलेली असावी.

तेव्हा आपलीही वही उघडली पाहिजे. दर १९ डिसेंबरला गोव्यात वाद झडतो: मुक्ती की आक्रमण? मी मुक्ती म्हणणारा आहे, आणि म्हणूनच हेतूंच्या चौकशीला घाबरत नाही. नेहरू चौदा वर्षे थांबले; मग नेमके १९६१च्या डिसेंबरातच सैन्य का हलले? फेब्रुवारीत निवडणुका होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून चुरशीची लढत देणार होते. चीनच्या सीमेवर सरकारची अब्रू जात होती. अंगोलात त्याच वर्षी बंड पेटले होते आणि ऑक्टोबरात भारतात भरलेल्या परिसंवादात आफ्रिकी नेते विचारत होते, की तुम्ही तुमचा गोवा कधी सोडवणार? या सगळ्यांतला कुठलाही हेतू गोवेकराच्या भल्याचा म्हणता येत नाही. आझाद गोमंतक दल, तुरुंगात सडलेले सत्याग्रही, टी. बी. कुन्हांसारखी आयुष्य वेचलेली माणसे, हे सगळे दिल्लीच्या निर्णयात कितपत धरले गेले, याबद्दल मला शंका आहे. मुरगावजवळ भारतीय नौदलाशी लढत किनाऱ्याला लागलेल्या पोर्तुगीज युद्धनौकेचे नावही 'आफोन्सो द आल्बुकेर्क' होते. इतिहासाला असले विनोद सुचतात. ३६ तासांत, दोन्ही बाजूंची पन्नासएक माणसे जाऊन, काम संपले.

हेतू इतके सरमिसळ असताना याला मुक्ती का म्हणायचे? माझे उत्तर जरा आडवळणाचे आहे, आणि मराठी वाचकाला थोडे टोचेल.

१६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा, यावर मतदान झाले. विलीनीकरणाला 'फूल', संघप्रदेशाला 'दोन पाने'. माझे आजोबा, वडील, आत्या, सगळे घर फुलाचे. आमच्या पडवीत विलीनीकरणवाले मुख्यमंत्री बांदोडकर यांचा फोटो होता. दारावर फूल, तुळशीवर फूल. आणि आम्ही हरलो: फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत म्हणे. मी लहानपणी ही गोष्ट पराभवाची म्हणूनच ऐकली. आज मला वाटते, आमच्या हरण्यातच उत्तर आहे. गोव्यात निवडून आलेला पक्ष फुलवाल्यांचा (मतदानाआधी त्याचे सरकार पायउतार झाले होते), शेजारचे मोठे राज्य फुलाच्या बाजूचे, आणि तरी पेटीतून दोन पाने निघाली तेव्हा ती मानली गेली. साम्राज्यात असे होत नाही. साम्राज्यात मोठ्याच्या मनासारखाच निकाल लागतो. भारतात यायचे की नाही हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर नव्हता, हेही खरे, आणि तो विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणून गप्प करू नये. पण 'नाही' म्हणायची सोय कुठे तरी होती.

शेजारी उदाहरण ठेवून पाहा. पूर्व तिमोर हा एके काळी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या कारभारातला मुलूख; १८४४मध्ये तो गोव्यापासून तोडला गेला. १९७५च्या डिसेंबरात इंडोनेशियाने तिथे सैन्य घुसवले आणि वसाहतवादाच्या तावडीतून सोडवल्याची भाषा केली, शब्दाला शब्द आपल्यासारखी. ऑस्ट्रेलियाने ते मान्य केले आणि १९८९मध्ये जाकार्ताबरोबर तिमोरच्या समुद्रातल्या तेलाचा करार केला. तिमोरी माणसाला मत द्यायला मिळाले ते १९९९मध्ये, हजारोंनी मेल्यानंतर, आणि त्यातल्या ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'आम्हाला वेगळे व्हायचे' असे सांगितले. दोन्हीकडे पोर्तुगालच हटलेला, दोन्हीकडे मोठा शेजारी आत आलेला. निघताना कोण काय म्हणाला ते ऐकून या दोन गोष्टींतला फरक कळला नसता.

म्हणून मी आताशा कोणत्याही युद्धात हेतू कोणता यापेक्षा खर्च कोणाचा, खिसा कोणाचा आणि तिथल्या माणसाला नंतर 'नाही' म्हणता येते का, हे विचारतो. २००३मध्ये इराकात संहारक अस्त्रे सापडली नाहीत तेव्हा आम्ही गाड्यावर 'बघा, तेलच!' म्हणून टाळ्या दिल्या. आता वाटते, त्या टाळ्यांत आमचा आळस होता. प्रश्न नुसता तेलाचा असता तर सद्दामशी तेलाचा सौदा करणे युद्धापेक्षा कितीतरी स्वस्त पडले असते.

आणि झेंडा बदलला म्हणून वही बदलते असेही नाही. पोर्तुगीजांनी वाटलेल्या खाणींच्या सवलती मुक्तीनंतरही तशाच चालू राहिल्या. त्यांचे रीतसर पट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा यायला १९८७ उजाडले. आधी जपानला, मग चीनला लाल माती जात राहिली. डिचोलीतल्या आमच्या घरात कपाटातल्या पुस्तकांवरही तिचा थर बसे. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाले रस्त्यावर आले, खाणवाले नाही. त्यावर कोणी परकीय सत्तेला बोल लावला नाही, लावता येणारही नव्हता.

शेवटी सैनिकांचे. १४ डिसेंबर १९६१ला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्व्हाला संदेश धाडला, की शरणागती नको, पोर्तुगीज सैनिक जिंकलेले दिसावेत नाहीतर मेलेले. गव्हर्नरने १९ तारखेला शरणागती पत्करली आणि तीन हजारांहून अधिक पोरे जिवंत राहिली. भारताच्या छावण्यांत ती मे १९६२पर्यंत अडकून पडली, कारण लिस्बनला त्यांची घाई नव्हती. मायदेशी जहाज लागले तेव्हा स्वागताला लष्करी पोलीस उभे होते. वासालो ए सिल्व्हाला सैन्यातून काढले. पुढे बारा वर्षांनी याच सैन्यातल्या, आफ्रिकेत लढून विटलेल्या अधिकाऱ्यांनी लिस्बनचे सरकार उलथले आणि ३१ डिसेंबर १९७४ला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे कागदावर मान्य केले.

ते कैदी छावणीत होते तेव्हा माझे वडील चौदा वर्षांचे. फोंड्याला मामाकडे गेले असताना ते मित्रांबरोबर कैदी बघायला छावणीपाशी गेले होते. त्यांच्या डोक्यात पाखलो म्हणजे मिशीवाला, लाथ घालणारा. तारेपलीकडे विशीतला एक किडकिडीत पोरगा सदरा वाळत घालत होता. त्याने या मुलांना पाहिले, जवळ आला आणि मोडक्या कोकणीत विचारले, "बोट आयल्या?"

वडिलांना कुठली बोट ते कळले नाही. त्यांनी मान हलवून नाही म्हटले.